'ट्रेन ऑफ थॉट' हरवते तेव्हा नेमके काय हरवते?

मखमलाबादकर

नमस्कार. मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण दिंडोरी तालुक्यातील मराठी शाळेत झाले आणि पुढे डिप्लोमा नाशिकमध्ये केला. मला इंग्रजी वाचता येते, लिहिता येते आणि आधी तयारी केलेली असेल तर बोलताही येते. आमच्या विभागाला दर पंधरवड्याला जर्मनीतील ग्राहकांशी व्हिडिओ कॉलवर इंग्रजीतून बोलावे लागते.

मागच्या कॉलमध्ये एका लॉटचा हार्डनेस ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी का आला, हे मी समजावून सांगत होते. भट्टीचे तापमान, मग क्वेंचिंगला (तापलेला भाग झटकन थंड करण्याला) लागलेला उशीर, मग टेम्परिंग (तो पुन्हा बेताने तापवणे), असा क्रम मी मनात नीट लावून ठेवला होता. मध्येच बाहेर फोर्कलिफ्टचा हॉर्न वाजला, मी क्षणभर तिकडे पाहिले आणि पुन्हा पडद्याकडे वळले तेव्हा पुढचे काहीच आठवेना. मी म्हणाले, "सॉरी, आय लॉस्ट माय माइंड." पलीकडे थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही. कॉल संपल्यावर आमच्या वरिष्ठांनी मला बाजूला घेऊन सांगितले की, या वाक्याचा अर्थ 'मला वेड लागले' असा होतो.

त्यांनी 'ट्रेन ऑफ थॉट' हा शब्दप्रयोग सुचवला. घरी येऊन शोधू लागले तर 'लॉस्ट फोकस', 'लॉस्ट कॉन्सन्ट्रेशन', 'झोन्ड आउट', 'लॉस्ट इन थॉट' असे आणखी कितीतरी प्रयोग समोर आले आणि एका सहकाऱ्याने तर 'ट्रेल ऑफ थॉट' हेच बरोबर असल्याचे ठामपणे सांगितले. पाठ करून वेळ निभावून नेता येईल, पण मला ते समजून घ्यायचे आहे. आपण मराठीत सहज 'माझी लिंक तुटली' म्हणतो, त्याला नेमके काय म्हणावे, आणि यात 'ट्रेन' कुठून आली?

गंगापूररस्ता

ताई, मी अनेक वर्षे इंग्रजी शिकवले आहे आणि आपण केलेली चूक माझ्या अतिशय हुशार विद्यार्थ्यांनीही केलेली मी पाहिली आहे, कारण ती मराठी नीट येत असल्यामुळे होते. 'माझे मन थाऱ्यावर नव्हते' असे आपण म्हणतो, त्यामुळे मन हरवले म्हणजे 'माइंड' हरवले असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु इंग्रजीत 'लूज वन्स माइंड' म्हटले की तेथे 'माइंड'चा अर्थ शुद्ध, बुद्धी, विवेक असा होतो, आणि म्हणून ते हरवणे म्हणजे वेड लागणे.

आता आपल्यासोबत त्या दिवशी काय घडले ते क्रमाने पाहू, कारण त्यात एक नव्हे, दोन घटना आहेत. हॉर्न वाजला आणि आपले लक्ष दुसरीकडे ओढले गेले, ही पहिली घटना. त्यासाठी 'आय गॉट डिस्ट्रॅक्टेड' असे म्हणावे. आपल्याकडे याला सर्रास 'आय गॉट डिस्टर्ब्ड' म्हणतात, पण ते ऐकून इंग्रजी माणसाला आपण मनातून व्यथित झालो की काय अशी शंका येते. लक्ष लगेच परत आले, मात्र तोवर मनात लावलेला क्रम निसटला होता, ही दुसरी घटना, आणि 'लॉस्ट माय ट्रेन ऑफ थॉट' हे केवळ या दुसऱ्या घटनेचे नाव आहे. त्यामुळे पूर्ण आणि निर्दोष वाक्य असे होईल: "सॉरी, आय गॉट डिस्ट्रॅक्टेड अँड लॉस्ट माय ट्रेन ऑफ थॉट."

'कॉन्सन्ट्रेशन' आणि 'ट्रेन' यांतला फरक मी वर्गात फळ्यावर एक ठिपका आणि एक रेघ काढून सांगत असे. आपला 'एकाग्र' हा शब्द एकाच टोकावर स्थिरावलेल्या मनाचा आहे आणि 'कॉन्सन्ट्रेशन'मध्येही 'सेंटर', म्हणजे केंद्र, आहे. दोन्हींमध्ये एक बिंदू आहे आणि मन त्या बिंदूवरून ढळते. चहापानानंतरच्या पहिल्याच षटकात जम बसलेला फलंदाज बाहेरच्या चेंडूला बॅट लावून बाद होतो, तेव्हा तो 'लॉस्ट हिज कॉन्सन्ट्रेशन' असे म्हणतात. तेथे 'ट्रेन ऑफ थॉट' चालणार नाही, कारण तो काही विचार क्रमाने मांडत नव्हता. 'ट्रेन'मध्ये बिंदू नसतो, रांग असते: एकामागून एक येणारे विचार, आणि त्यांतला पुढचा सापडत नाही. म्हणून हा प्रयोग बोलताना, लिहिताना किंवा मनात काही मांडत असतानाच करायचा.

'झोन्ड आउट' हा अनौपचारिक प्रयोग आहे. समोरचा बोलत असताना आपले मन बराच वेळ कुठेतरी निघून गेले होते, असा त्याचा अर्थ होतो, त्यामुळे ग्राहकाला ते सांगणे म्हणजे 'मी आपले बोलणे ऐकतच नव्हते' अशी कबुली देणे होय.

नाशिकरोडवाले

मी रेल्वेतून निवृत्त झालो आहे आणि हा शब्दप्रयोग आमच्याच खात्यातून आला असावा असे मी आजवर धरून चाललो होतो. कसारा ते इगतपुरी हा घाट ३७ फुटांमागे १ फूट इतका चढाचा आहे, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिने लावतात आणि ती गाडीला वर रेटत नेतात. अशा ठिकाणी डब्यांच्या जोडणीवर किती ताण येतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला विचारांची गाडी म्हटल्यावर डोळ्यांसमोर दुसरे चित्रच येत नाही. कपलिंग तुटून गाडीचे दोन भाग झाले तर त्याला आम्ही 'ट्रेन पार्टिंग' म्हणतो. ब्रेक पाइपमधला हवेचा दाब उतरतो आणि दोन्ही भागांना आपोआप ब्रेक लागतात. ताईंचे त्या कॉलमध्ये जे झाले ते मला अगदी असेच वाटले: मागचे आणि पुढचे दोन्ही एकदम थांबले. माझी समजूत चुकीची असेल तर सरांनी जरूर दुरुस्त करावी.

गंगापूररस्ता

काका, आपण दिलेले चित्र इतके चपखल आहे की ते चुकीचे ठरवताना मला वाईट वाटते, पण हा प्रयोग रेल्वेपेक्षा जुना आहे. थॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्वचिंतकाचा 'लेव्हायथन' हा ग्रंथ १६५१ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या तिसऱ्या प्रकरणात एका विचारामागून दुसरा विचार येण्याच्या क्रमाला त्याने 'ट्रेन ऑफ थॉट्स' असेच म्हटले आहे. इंग्लंडमध्ये स्टॉकटन ते डार्लिंग्टन ही वाफेवरची रेल्वे धावली १८२५ साली आणि आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी सुटली १६ एप्रिल १८५३ रोजी. म्हणजे विचारांची 'ट्रेन' आगगाडीच्या पावणेदोनशे वर्षे आधीपासून चालत होती आणि आगगाडीनेच ते नाव मागाहून घेतले.

'ट्रेन' या शब्दाचे मूळ लॅटिनमधील ओढणे, खेचणे या अर्थाच्या धातूत आहे. तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला. पायघोळ झग्याचा मागे जमिनीवर लोळत येणारा भाग म्हणजे 'ट्रेन', राजाच्या मागे चालणारा लवाजमा म्हणजे 'ट्रेन', आणि पुढे इंजिनामागे ओढत येणाऱ्या डब्यांची रांग म्हणजेही 'ट्रेन'. 'ट्रॅक्टर' त्याच धातूपासून आला आहे आणि, ताई, आपला 'डिस्ट्रॅक्टेड'ही त्यातलाच आहे: ज्याला दुसरीकडे ओढून नेले तो. आपल्या वाक्याच्या दोन्ही भागांत एकाच धातूची ओढ आहे, ही गोष्ट मला शिकवत असताना फार उशिरा लक्षात आली आणि तेव्हापासून मी हा प्रयोग या मुळासकट शिकवू लागलो.

हॉब्जने त्याच ठिकाणी दिलेले उदाहरण मी आवर्जून सांगतो. इंग्लंडमधल्या यादवी युद्धाविषयी गप्पा चालल्या असताना एकाने मध्येच विचारले की, रोमन नाण्याची किंमत काय होती. ऐकणाऱ्यांना हा प्रश्न अगदीच असंबद्ध वाटला असता, पण हॉब्जला त्यातली संगती दिसली. युद्धावरून राजाला शत्रूच्या हवाली केल्याचा विचार आला, त्यावरून येशू ख्रिस्ताला शत्रूच्या हाती दिल्याचा, त्यावरून त्या विश्वासघाताचे मोल म्हणून मिळालेल्या ३० नाण्यांचा, आणि तेथून नाण्याच्या किमतीचा. हे सगळे एका क्षणात घडले, कारण विचार वेगवान असतो, असे तो म्हणतो. या माणसाने आपली 'ट्रेन' हरवलेली नव्हती. उलट ती त्याच्या मनात शाबूत होती आणि मधले डबे ऐकणाऱ्यांना दिसत नव्हते, एवढेच. म्हणून कोणी अचानक विषय बदलला की तो भरकटला असे लगेच म्हणू नये, 'आय डोन्ट फॉलो युअर ट्रेन ऑफ थॉट' असे म्हणावे. ते नम्र आहे आणि समोरच्याला मधले दुवे सांगण्याची संधी देते.

'ट्रेल ऑफ थॉट' मात्र रूढ नाही. बोलता बोलता आवाज बारीक होत वाक्य अर्धवट राहिले, तर त्याला 'ट्रेल ऑफ' (या 'ऑफ'मध्ये दोन एफ) म्हणतात आणि बहुधा त्यावरूनच आपल्या सहकाऱ्याचा घोटाळा झाला असावा.

निफाडचा_बागायतदार

सरांनी सांगितलेल्या मुळावरून एक गोष्ट सांगावीशी वाटते. द्राक्षाच्या वेलीला मांडवावर चढवण्याच्या कामाला कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकांत 'ट्रेनिंग' म्हणतात. या शब्दाचा शिकवण्याशी काय संबंध, असा प्रश्न मला नेहमी पडत असे. आम्ही एकच जोमदार फुटवा राखतो, तो काठीला बांधत बांधत तारेपर्यंत नेतो, तेथे शेंडा खुडतो आणि दोन्ही बाजूंना ओलांडे, म्हणजे आडव्या फांद्या, तयार करतो. वेल वाढते आपल्या जोराने, आपण फक्त तिला हव्या त्या दिशेने ओढून नेतो. याला मराठीत 'वळण देणे' म्हणतात आणि मुलांनाही आपण वळणच लावतो. इंग्रजीतही वेलीला आणि मुलाला एकच क्रियापद असावे, आणि त्याच्या मुळाशी ओढणे असावे, हे आज प्रथमच समजले.

येवलेकर

आमच्या घरी दोन पिढ्यांपासून पैठणीचे माग आहेत, म्हणून 'लिंक तुटणे'पेक्षा मला आपला जुना शब्दप्रयोग जवळचा वाटतो: बोलण्याचा धागा सुटला. ताईंनी विचारलेल्या गोष्टीला इंग्रजीत 'आय लॉस्ट द थ्रेड' असेही म्हणतात असे मी वाचले आहे. सरांनी ते बरोबर आहे का ते सांगावे.

धागा तुटणे आणि धागा सुटणे यांत आम्ही फरक करतो. मागावर उभा धागा तुटला की माग थांबवावा लागतो, तुटलेले टोक शोधावे लागते, नवा तुकडा जोडून बारीक गाठ द्यावी लागते आणि मगच पुढे विणता येते. तो तसाच सोडला तर कापडात शेवटपर्यंत रेघ दिसत राहते. आडव्या धाग्याची कांडी नुसती हातातून सुटली असेल तर ती उचलायची आणि पुढे चालायचे. ताईंचा धागा तुटला नव्हता, सुटला होता, कारण थोड्या वेळाने तो त्यांना पुन्हा सापडला असणारच.

गंगापूररस्ता

'लूज द थ्रेड' अगदी बरोबर आहे. तो बहुधा गोष्टीचा, युक्तिवादाचा किंवा व्याख्यानाचा धागा असतो आणि बोलणाऱ्याप्रमाणेच ऐकणाऱ्याच्या हातूनही सुटू शकतो. मे महिन्यात आपल्या नाशिकच्या गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, वसंत व्याख्यानमालेत वक्त्याने एकात एक तीन दाखले गुंफले आणि आपल्याला मूळ मुद्दा आठवेना, तर आपण 'आय लॉस्ट द थ्रेड' म्हणू. 'आय लॉस्ट माय ट्रेन ऑफ थॉट' मात्र वक्त्यानेच म्हणायचे, कारण ती त्याची स्वतःची रांग आहे. म्हणूनच त्यात 'माय' लागते, 'द' नव्हे.

मखमलाबादकर

सर्वांचे मनापासून आभार. काल मी ग्राहकांना पाठवायच्या मेलचा मसुदा केला आणि त्यात 'माय ट्रेन ऑफ थॉट्स गॉट लॉस्ट अँड आय वॉज लॉस्ट इन थॉट्स' असे लिहिले. वरिष्ठांनी ते खोडले, पण कारण सांगायला त्यांना वेळ नव्हता. मला ते वाक्य अजूनही चुकीचे वाटत नाही आणि हीच माझी अडचण आहे.

भाषांतरकार

आपल्याला ते चुकीचे वाटत नाही याचे कारण मराठी वाक्यरचनेत आहे, असे मला वाटते. आपल्या भाषेत विसर पडणे, सुचणे, आठवणे या गोष्टी बहुधा माणूस करत नाही, त्या माणसाला होतात. 'मला आठवेना', 'मला सुचले नाही', 'मला विसर पडला', 'माझे लक्ष उडाले', 'माझा धागा सुटला' या सगळ्या वाक्यांत कर्तेपण धाग्याकडे, लक्षाकडे किंवा विसराकडे आहे आणि 'मी' बाजूला उभी आहे. ही रचना मला अतिशय सुंदर आणि खरी वाटते, कारण धागा कोणी जाणूनबुजून सोडत नाही. इंग्रजी मात्र याच प्रसंगी 'आय'ला पुढे आणते आणि हरवण्याची क्रिया त्याच्याकडे देते: 'आय लॉस्ट माय ट्रेन ऑफ थॉट.' मराठी वाक्याचा साचा तसाच ठेवून शब्द बदलले की 'माय ट्रेन गॉट लॉस्ट' तयार होते. व्याकरणाने ते उभे राहते, पण कोणी तसे बोलत नाही.

दुसरी गोष्ट 'थॉट्स'ची. हॉब्जने अनेकवचन वापरले असले तरी आज हा प्रयोग एकवचनातच रूढ आहे, कारण येथे 'थॉट' म्हणजे सुटे सुटे विचार नसून विचार करण्याची क्रिया आहे. 'लॉस्ट इन थॉट'मध्येही तेच. आणि हा दुसरा प्रयोग आपल्या मसुद्यात नेमका उलटा अर्थ घेऊन आला आहे. 'लॉस्ट इन थॉट' म्हणजे विचारात गढून गेलेला, ज्याची तंद्री लागली आहे असा. त्याचा विचारांचा क्रम मुळीच तुटलेला नसतो, त्याला फक्त आजूबाजूचे भान नसते. आपण त्याला हाक मारली आणि त्याची तंद्री भंगली, की मग कदाचित त्याची 'ट्रेन ऑफ थॉट' हरवेल. दोन्हीकडे 'लॉस्ट' असल्यामुळे ही दोन वाक्ये सख्ख्या बहिणी वाटतात, पण एकीत माणूस विचारांत हरवतो आणि दुसरीत माणसाकडून विचार हरवतो.

मेल लिहिताना आणखी एक काळजी घ्यावी. हरवणे या अर्थाच्या 'लूज'मध्ये एकच ओ असतो. दोन ओ लिहिले की त्याचा अर्थ सैल असा होतो, आणि सैल झालेल्या नटबोल्टविषयी रोज लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांच्या हातून हा दुसरा ओ सवयीने पडतो. उच्चारातही पहिल्याच्या शेवटी 'झ'कडे झुकणारा ध्वनी आहे, दुसऱ्याच्या शेवटी स्वच्छ 'स' आहे.

सिडको_विद्यार्थी

मी सध्या मुलाखतींची तयारी करतो आहे. प्रश्न ऐकताच डोके पूर्ण रिकामे होते आणि एक शब्दही आठवत नाही. त्यालाही 'ट्रेन ऑफ थॉट' म्हणता येईल का?

भाषांतरकार

नाही. रांग सुरूच झाली नव्हती, तर ती हरवणार कशी? त्यासाठी 'माय माइंड वेंट ब्लँक' असे म्हणतात. सगळे आठवते पण एखादाच शब्द जिभेवर येऊन अडतो, तेव्हा 'द वर्ड एस्केप्स मी', आणि करायचे काम विसरून गेलो तर 'इट स्लिप्ड माय माइंड'. या दोन वाक्यांत इंग्रजीही आपल्यासारखी वागते आणि निसटून जाण्याची क्रिया त्या गोष्टीकडेच देते, हे जरूर लक्षात घ्या.

नाशिकरोडवाले

एक व्यवहाराचा प्रश्न आहे. आपण बोलत असताना साहेबांनीच मध्ये तोंड घातले आणि आपला धागा सुटला, तर काय म्हणावे?

गंगापूररस्ता

'यू मेड मी लूज माय ट्रेन ऑफ थॉट' हे मित्राला चालेल, साहेबांना नाही, कारण त्यात दोष त्यांच्यावर येतो. आधी त्यांच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे आणि मग 'नाउ, व्हेअर वॉज आय?' असे म्हणून आपल्या मुद्द्याकडे वळावे. आपण मराठीत 'काय बरे सांगत होतो मी?' म्हणतो, तोच हा सूर आहे. शब्दांचा क्रम मात्र सांभाळावा. 'व्हेअर आय वॉज' असे म्हणू नये, ही चूक मी आयुष्यभर दुरुस्त करत आलो आहे. आणि मला असेही वाटते की पुष्कळदा कोणत्याच वाक्प्रचाराची गरज नसते. 'गिव्ह मी अ मोमेंट' म्हणून दोन श्वास घ्यावेत आणि शेवटचे बोललेले वाक्य पुन्हा एकदा म्हणावे. पुढचा डबा बहुधा त्याच्या मागोमाग येतो.

मखमलाबादकर

काल पुढचा कॉल झाला. मी माझा भाग क्रमाने मांडला आणि या वेळी मध्ये काही अडले नाही. नंतर त्यांचे अभियंते दुसऱ्या लॉटच्या पॅकिंगविषयी बोलत होते. त्यांच्या मागे कोणीतरी दार उघडून काही विचारले, त्यांनी वळून उत्तर दिले आणि पुन्हा कॅमेऱ्याकडे पाहून ते थांबले. म्हणाले, "सॉरी, आय लॉस्ट द थ्रेड." मी म्हणाले, "यू वेअर टेलिंग अस अबाउट द सेकंड लॉट." त्यांनी आभार मानले आणि बोलणे पुढे नेले.

कॉलच्या शेवटी मी धीर करून त्यांना विचारले की, आपण 'ट्रेन ऑफ थॉट' का म्हणाला नाहीत. त्यांनी सांगितले की, त्यांच्या जर्मन भाषेत अशा वेळी 'धागा हरवला' असेच म्हणतात, त्यामुळे इंग्रजी बोलतानाही त्यांच्या तोंडी आधी तोच येतो. मी त्यांना आमच्या जिल्ह्यातल्या येवल्याच्या मागांविषयी सांगितले. तुटलेला धागा जोडून गाठ कशी देतात ते त्यांना पाहायचे आहे आणि येवलेकरांची हरकत नसेल तर तसा एक छोटा व्हिडिओ मला हवा आहे.